सीडरच्या साइडिंगवर खिळ्यांभोवती पडणारे काळे डाग

अमेरिकेत किंवा कॅनडात सीडर वा रेडवुडच्या फळ्यांचं साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं आवरण, असलेलं घर घेतलं, की कधी ना कधी खिळ्यांभोवती निळसर काळी वर्तुळं आणि खाली उतरलेले ओघळ दिसतात. या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ओल मिळाली की खिळ्यातल्या लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळं संयुग बनतं. हिरडा आणि हिराकस वापरून काळी शाई करत, तीच ही क्रिया. म्हणून हा डाग साबणाने जात नाही आणि घरगुती क्लोरीन ब्लीचनेही हटत नाही.

आधी खात्री करा. डागावर ब्लीचचा थेंब टाकून रंग उडाला तर ती बुरशी. तसाच राहिला तर तो लोखंडाचा डाग; मग ती जागा भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. ब्लीच आणि हा डाग काढायला लागणारं ऑक्झॅलिक ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. इथे घाई नको.

दुकानात ‘वुड ब्लीच’ या नावाने वेगवेगळी रसायनं मिळतात, त्यामुळे डब्यावर ऑक्झॅलिक ॲसिड लिहिलेलं पाहूनच घ्या. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर गरम पाण्यात सुमारे १२० ग्रॅम विरघळवा. रबरी हातमोजे आणि संरक्षक चष्मा लागतातच. हे ॲसिड विषारी आहे. खालची झाडं आधी भिजवून प्लास्टिकने झाका. भिंत सावलीत असताना, नायलॉनच्या ब्रशने फक्त डागावर न लावता फळीच्या पूर्ण रुंदीवर लावा, नाहीतर उजळ ठिपके उठून दिसतात. १५–२० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. डाग जुना असेल तर पुन्हा एकदा. स्टील वूल किंवा तारेचा ब्रश अजिबात वापरू नका: लोखंडाचे कण लाकडात रुततात आणि नवे डाग उठतात.

एवढं करून थांबलात तर डाग परत येतील, कारण खिळा तोच आहे. खिळ्यावर विजेने चढवलेला (इलेक्ट्रोप्लेटेड) जस्ताचा पातळ थर हातोडीच्या घावानेच उडतो. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, खिळे बरे, पण फळ्यांना पारदर्शक फिनिश द्यायचा असेल तर ३०४ दर्जाचे स्टेनलेस, रिंग-शँक (दांड्यावर कड्या असलेले) खिळेच घ्या, समुद्राजवळ ३१६. बदलताना जुना खिळा ओढून फळी चिरू देऊ नका. पातळ पहारीखाली लाकडी तुकडा ठेवा.

घर रंगवायचंच असेल तर खिळे न बदलताही भागतं. पंचने (खिळा आत ठोकायच्या दांड्याने) खिळ्याचं डोकं ३ मिलिमीटर आत बसवा, त्यावर तेलाधारित, डाग रोखणारा प्रायमर लावा, बाहेरच्या कामाची पुट्टी भरा, घासा, पुन्हा प्रायमर आणि मग रंग. उघड्या लोखंडावर थेट पाण्यावर आधारित रंग लावला तर तो वाळायच्या आतच गंज वर येतो. अमेरिकेतलं घर १९७८ पूर्वीचं असेल तर घासण्याआधी जुन्या रंगात शिसं आहे का, ते तपासून घ्या.

डाग एकाच पट्ट्यात दाट असतील तर वर बघा: गळकं गटर किंवा भिंतीवर पाणी उडवणारा स्प्रिंकलर सापडेल.