पेपरात आपल्या घरचं छापून आलं तर राग कुठे काढायचा आणि किती दिवसांत

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरची एक मुलगी, अकरावीतली, आईशी भांडून दोन दिवस गायब होती. सापडली, मैत्रिणीकडेच होती, विषय तिथेच संपायला हवा होता. पण त्या दोन दिवसांत तिने मावशीला एक व्हॉइस नोट पाठवली होती, ती फॅमिली ग्रुपवर गेली, तिथून आणखी कुठे कुठे गेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन जायच्या आत एका पेपरात शब्दन् शब्द छापून, मध्ये कंसात (हुंदका) असं पण लिहून. नाव नव्हतं, पण गावाचं नाव, शाळेचं नाव, वडील काय करतात ते सगळं होतं, मग नाव छापायचं राहिलं काय?

वाड्याच्या ग्रुपवर त्या दिवशी दीडशे मेसेज. पेपर जाळूया, संपादकाला जाब विचारूया, आमदाराला सांगूया. संध्याकाळी सगळं थंड. तक्रारीचा कागद लिहायला बसलो तेव्हा दीड महिना उलटून गेलेला, आणि प्रेस कौन्सिलकडे (पेपरांवरच्या तक्रारी ऐकणारी दिल्लीतली संस्था) तक्रारीची मुदत असते दोन महिने. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक जुनी गोष्ट, कारण लोकांचा राग नेमका कुठे लागू पडतो ते त्यात दिसतं. इंग्लंडात न्यूज ऑफ द वर्ल्ड म्हणून रविवारचा पेपर होता, १८४३ पासूनचा, तेव्हा रुपर्ट मर्डोक ह्या बड्या पेपरमालकाचा. त्यांचे लोक दुसऱ्यांच्या मोबाईलचे व्हॉइसमेल चोरून ऐकायचे. हॅकिंग म्हटलं की आपल्याला काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं दिसतात, पण इथे तसलं काही नव्हतं, व्हॉइसमेलला कंपनीने दिलेला पिन लोक बदलायचेच नाहीत, तो घातला की मेसेज ऐकू यायचे, बस. २००७ ला त्यांचा राजघराण्याच्या बातम्या करणारा पत्रकार आणि एक खाजगी डिटेक्टिव्ह जेलमध्ये गेले, आणि पेपर म्हणाला की एकटाच माणूस वाया गेलेला होता. २००९ ला गार्डियन नावाच्या तिथल्याच दुसऱ्या पेपरने लिहिलं की प्रकरण खूप मोठं आहे, तेव्हा तिथल्या प्रेस कंप्लेंट्स कमिशनने चौकशी केली आणि रिपोर्ट काढला की तसा काही नवीन पुरावा नाही. तो रिपोर्ट त्यांना २०११ ला मागे घ्यावा लागला. म्हणजे पेपरवाल्यांनी पेपरवाल्यांवर ठेवलेला रखवालदार, तो कोणाला पकडणार?

मग ४ जुलै २०११, सोमवार. गार्डियनने छापलं की २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झालेल्या १३ वर्षांच्या मिली डाऊलरचा व्हॉइसमेलसुद्धा ह्यांनी ऐकला होता. सिनेमावाले, राजपुत्र ह्यांचं ऐकलं तोवर लोक म्हणत होते चालायचंच, मोठ्या लोकांचं काय. पोरीचं म्हटल्यावर सगळा देश उठला. (मेसेज डिलीट केल्यामुळे आईबापांना ती जिवंत असल्याची खोटी आशा लागली असं पण त्या बातमीत होतं, ते पुढे सिद्ध झालं नाही, मेसेज सिस्टमने आपोआप गेलेले असू शकतात असं पोलीस म्हणाले. चोरून ऐकलं ते मात्र खरंच.) आणि इथे बघण्यासारखं काय तर लोकांनी नुसत्या शिव्या दिल्या नाहीत, पेपरात जाहिराती कोणाच्या येतात त्यांची यादी काढली आणि त्या कंपन्यांना ट्विटरवर, मेलवर विचारत सुटले की तुम्ही ह्यांना पैसे देणार का अजून? फोर्डने आधी जाहिराती थांबवल्या, मग बाकीच्यांची रांग. गुरुवारी पेपर बंद करायची घोषणा, रविवारी १० तारखेला शेवटचा अंक. चार वर्षांत कमिशनला जमलं नाही ते आठवड्यात झालं.

पण लगेच टाळ्या वाजवू नका हां. साधारण २०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच जणांचा ह्या भानगडीशी संबंध नव्हता, आणि फेब्रुवारी २०१२ ला त्याच मालकाने सन ऑन संडे नावाचा रविवारचा पेपर काढला. पेपरांच्या वागणुकीवर न्यायाधीश लेव्हसन ह्यांची चौकशी बसली, नोव्हेंबर २०१२ ला सुमारे २,००० पानांचा रिपोर्ट आला, २०१४ पासून इप्सो नावाची नवीन संस्था आली, ती पण पेपरांच्याच पैशावर चालते आणि गार्डियन तिच्यात नाहीच. तुमचं कोणी इंग्लंडात स्विंडनला असेल (गोव्यात कोणाचं नाही?) आणि तिकडच्या पेपराने काही छापलं तर तक्रार इप्सोकडे, छापल्यापासून चार महिन्यांत.

आता आपल्याकडचं.

पहिलं, त्याच दिवशी पेपर विकत घ्या, दोन प्रती. मोबाईलवरचा फोटो चालत नाही असं नाही पण कात्रण ते कात्रण. शेवटच्या पानावर एकदम तळाला मुंगीएवढ्या अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक असं लिहिलेलं असतं, अमुक कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार वगैरे, तो तुकडा पण कापा. आमच्या झेरॉक्सवाल्याने तो मोठा करून दिला तेव्हा कळलं की ज्याच्यावर अख्खा वाडा चिडलेला तो वार्ताहर, आणि कायद्याने उत्तर देणारा माणूस वेगळाच. वेबसाईटवर असेल तर स्क्रीनशॉट काढा, लिंक आणि तारीख दिसेल असा, कारण तक्रारीचा फोन गेला की बातमी गुपचूप बदलतात.

दुसरं, संपादकाला पत्र. आधी पत्र, मग तक्रार, प्रेस कौन्सिलचा नियमच तसा आहे. त्यात तारीख, पान, मथळा, नेमकं कुठलं वाक्य चुकीचं किंवा खाजगी, आणि तुम्हाला काय हवंय ते लिहा: त्याच पानावर खुलासा, वेबसाईटवरून मजकूर काढणे, जे असेल ते. आमच्या काकांनी पहिला मसुदा केला त्यात "आपल्या लेखणीला काळिमा" असं अर्धं पान होतं, मागणी कुठेच नाही. ते सगळं खोडलं. कोर्टात खेचतो वगैरे धमकी पण नको, आणि खरंच कोर्टात गेलात तर तो विषय कौन्सिल हातात घेत नाही, त्यामुळे कुठे जायचं ते आधी घरात ठरवा. अब्रूनुकसानीचा दावा हा रस्ता आहेच, पण वकील, तारखा, आणि प्रत्येक तारखेला तीच गोष्ट परत चर्चेत.

मूल १८ च्या खालचं असेल तर पत्रात जुवेनाईल जस्टिस कायद्याचं कलम ७४ लिहायला विसरू नका. संरक्षणाची गरज असलेलं, गुन्ह्यात सापडलेलं किंवा गुन्ह्याचं बळी ठरलेलं मूल ओळखू येईल असं नाव, पत्ता, शाळा, काहीही छापायला त्यात मनाई आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही "भावना दुखावल्या" लिहिलेलं त्याला फोनवरसुद्धा कोणी भीक घातली नाही, कलम लिहून दुसरं पत्र गेलं आणि त्याच संध्याकाळी वेबसाईटवरून शाळेचं नाव गेलं.

तिसरं, उत्तर आलं नाही किंवा वाकडं आलं तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, सूचना भवन, लोधी रोड, नवी दिल्ली. १९७८ च्या कायद्याने चालते, अध्यक्ष प्रथेप्रमाणे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. साध्या कागदावर अर्ज, फी नाही. सोबत कात्रण, संपादकाला पाठवलेलं पत्र, आलं असेल तर त्याचं उत्तर, आणि ह्या विषयावर कोर्टात काही चालू नाही असं लिहून द्यायचं. पेपर मराठी असेल तर बातमीचं इंग्रजी भाषांतर पण जोडायचं, आमचे आठ दिवस त्यातच गेले, कारण "हुंदका" ला काय लिहायचं ह्यावरून घरात वाद. मुदत दैनिक आणि साप्ताहिकाला छापल्यापासून दोन महिने, बाकी नियतकालिकांना चार. ती बातमी छापल्यापासून धरतात, तुम्हाला राग आल्यापासून नाही.

आणि कौन्सिल करणार काय? समज देणार, ताशेरे मारणार, निकाल पेपरात छापायला सांगू शकणार. दंड नाही, पेपर बंद करायचा अधिकार नाही. लोक म्हणतात मग उपयोग काय, दात नाहीत. मी पण तेच म्हणायचो. पण दात द्यायचे तर ते कोणाच्या तोंडात? गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याच्या राजवटीत सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय काही छापता येत नव्हतं, हेगडे देसाईंनी त्या मुलखात 'भारत' नावाचा पेपर चालवला तो किती त्रास सोसून. सरकारच्या हातात कात्री नको हे आपल्याला कोणी लंडनहून येऊन सांगायची गरज नाही.

म्हणून जाहिरातींचं पण जपूनच. इथे पेपरात जाहिराती कोणाच्या? बिल्डर, कॅसिनो, आमदारांचे वाढदिवस, बाराव्याचे फोटो, आणि सरकारी. सरकारी जाहिरात बंद करा अशी मागणी चुकूनसुद्धा करू नका, ती तलवार उद्या चांगल्या बातमीवर पण पडते. ओळखीच्या दुकानदाराला मात्र नीट शब्दांत सांगायला हरकत नाही, आमच्या मावशीने एका सोनाराला फक्त कात्रण दाखवलं, बाकी काही बोलली नाही. खुलासा चार ओळींचा आला, आत सहाव्या पानावर, तो कौन्सिलमुळे की सोनारामुळे देव जाणे.

टीव्हीवर आलं असेल तर प्रेस कौन्सिलचा संबंध नाही. मोठं न्यूज चॅनेल असेल तर आधी चॅनेललाच लेखी, तेही सात दिवसांत, मग एनबीडीएसए, म्हणजे न्यूज चॅनेलांनीच तक्रारींसाठी ठेवलेली संस्था, चॅनेल त्यांचं सदस्य असेल तर. लोकल केबलवर असेल तर कलेक्टर ऑफिस.

फोनमध्ये खरंच कोणी घुसलं असा संशय असेल तर ते पोलिसांचं काम, आयटी कायद्याचं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद. गोव्यात असाल तर रायबंदरच्या सायबर सेलला जा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जायच्या आधी व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, कुठला अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर स्क्रीनशॉट काढूनच लॉगआऊट करा, टू-स्टेप पिन लावा, कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना ते बघा. आम्ही हे सगळं केलं. कोणी घुसलेलं नव्हतं. व्हॉइस नोट बाहेर गेली ती आमच्याच एका दादाकडून, "बघा रे पोरीचं काय झालं, शोधा" म्हणून चांगल्या मनाने तीन ग्रुपवर टाकलेली, त्यातल्या एका ग्रुपात वार्ताहर होता. दादा अजून मावशीच्या घरी चतुर्थीला जात नाही.

राहिलं पोस्टाचं. पत्र आणि तक्रार दोन्ही स्पीड पोस्टने पाठवा, नंबरवरून कधी पोचलं ते ऑनलाईन दिसतं, तो पण स्क्रीनशॉट काढा. आणि पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स मारा, तो कागद थर्मल असतो, आमची पावती फाइलमध्ये आहे अजून पण तिच्यावर आता काहीच वाचता येत नाही.