निरीक्षणगृहासाठी काउन्सेलर नेमताना काय बघायचं (नागपूरच्या हिशोबानं)

निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या पोरांना बाल न्याय मंडळाची चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात ती जागा. तिथं काउन्सेलर नेमायचा तर सगळ्यात आधी जाहिरात नीट लिहा. "समुपदेशक पाहिजे, एमएसडब्ल्यू, अनुभवास प्राधान्य" एवढंच टाकलं की येणाऱ्याला वाटतं टेबल-खुर्ची असेल, एकेक पोरगा येईल, मन मोकळं करेल आणि जाईल. तसं नसतं ना. कोणी चार दिवसात जामिनावर बाहेर, कोणी महिनोन्‌महिने आत, कोणी तोंडच उघडत नाही, त्यात बाल न्याय मंडळाच्या तारखा, घरच्यांचे रडणे, रिपोर्ट. हे सगळं लिहा, पगार किती आणि कंत्राट किती महिन्यांचं तेही लिहा. अर्ज कमी येतील, येऊ द्या. या पोरांच्या आयुष्यातून मोठी माणसं आधीच खूप निघून गेलेली असतात, त्यात दोन महिन्यात सोडून जाणारा काउन्सेलर आणखी एक नको, म्हणून टिकणारा माणूस शोधायचा हेच खरं काम आहे.

शोधायचं कुठं? मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय, तिरपुडे कॉलेज, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. पण रिझल्ट लागल्यावर जाऊ नका, तोवर चांगली मुलं-मुली कुठंतरी लागलेली असतात. एमएसडब्ल्यूवाल्यांना (समाजकार्यात एमए करणाऱ्यांना) फील्डवर्क असतंच, कॉलेजशी बोलून ते तुमच्याकडे लावून घ्या, परवानग्या आधी काढा, मग वर्षभर माणूस डोळ्यासमोर राहतो. १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, काम केलेले लोकही बघा, त्यांना पोलीस ठाणं आणि बाल कल्याण समिती (निराधार, संकटातल्या मुलांचं बघणारी) दोन्ही माहीत असतं. आणि भाषा! नागपूरचं पोरगं अर्धं हिंदीत अर्धं वऱ्हाडीत बोलतं, "काहून बोलू तुमच्याशी?" असं विचारलं की पुस्तकी मराठीत उत्तर देणाऱ्याचं तिथंच संपतं.

मुलाखतीत फ्रॉइड विचारू नका, प्रसंग द्या. पोरगा म्हणतो, "इथल्या एका माणसानं मारलं, पण कोणाला सांगू नका." तुम्ही काय कराल? "त्याला समजावीन" म्हणणारा नको. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देणाराही नको. पोराला आधी स्पष्ट सांगेन की हे मला सांगावंच लागेल, का आणि कोणाला तेही सांगेन, आणि मग अधीक्षकांकडे लेखी देईन, तिथं दाबलं जातंय वाटलं तर मंडळाकडे जाईन, असं म्हणणारा पाहिजे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये संस्थेतल्याच माणसानं क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, म्हणजे ही गंमत नाही. दुसरा प्रसंग, ओळखीचा पत्रकार फोन करून पोराचं नाव विचारतो. इथं कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमाचा नंबर नाही आला तरी चालेल, पण नाव द्यायचं नाही हे क्षणात आलं पाहिजे.

व्यसनाबद्दल जरूर विचारा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), हुंगायचं व्हाइटनर, थिनर, हे बंद झालं की पहिले काही दिवस पोरगं चिडतं, झोपत नाही, आणि त्याला माजलेला म्हणणारा काउन्सेलर काय कामाचा? मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार विभागात कधी पाठवायचं हे त्याला कळलं पाहिजे.

"मी या पोरांना सुधारून दाखवीन" म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहते. एखाद्याला पोरानं काय गुन्हा केला हेच आधी ऐकायचं असतं, तोही नको. काउन्सेलर म्हणजे तपास अधिकारी नाही.

निवड झाली की पोलीस पडताळणी, जुन्या ठिकाणी स्वतः फोन, आणि हे होईपर्यंत मुलांसोबत एकट्याला बसवायचं नाही, कितीही घाई असो. पहिले काही दिवस जुन्या माणसासोबत नुसतं फिरू द्या, कॅरम खेळू द्या.

नंतर पगार वेळेवर द्या आणि पंधरा दिवसातून एकदा बाहेरच्या सिनियर माणसाशी त्याचं बोलणं ठेवा, कारण दिवसभर जे ऐकतो ते तो घरी कोणाला सांगू शकत नाही. आणि कंत्राटातच लिहा की सोडायचं झालं तर महिनाभर आधी सांगायचं आणि ज्या मुलांसोबत काम चालू आहे त्या प्रत्येकाला स्वतः भेटून सांगायचं, पुढे कोण येणार हेही सांगायचं.