इलेक्ट्रिक बाईक ट्रॅकवर न्यायची तर आधी स्प्रॉकेट बदला

गोव्यात पक्का रेस ट्रॅक नाही. त्यामुळे आमच्या डिचोलीतून बाईक टेम्पोत चढवून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेपर्यंत न्यावी लागते. एवढा खटाटोप करायचा तर बाईक तिथे दुसऱ्याच लॅपला दमता कामा नये. इलेक्ट्रिक बाईक घेऊन येणारा प्रत्येकजण मला आधी विचारतो, कंट्रोलरचे (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याचे) अँपिअर किती वाढवता येतील? माझं उत्तर ठरलेलं आहे: अँपिअर राहू द्या, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे मागच्या चाकावर चेन बसते ते दातेरी चक्र, बदलू.

मोटरच्या वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट 20 टक्के वाढवला की उष्णता 44 टक्के वाढते. रस्त्यावर ते खपून जातं, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल क्षणभरच असतो. ट्रॅकवर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल पूर्ण पिळला जातो आणि तापलेला कंट्रोलर स्वतःच पॉवर कापायला लागतो. आता 44 दातांच्या जागी 50 दातांचं स्प्रॉकेट लावून बघा. चाकावर तेवढाच जोर मिळवायला करंट 12 टक्के कमी लागतो आणि वाइंडिंगची उष्णता जवळपास 23 टक्के घटते. टॉप स्पीडही 12 टक्के उतरतो, पण 2.1 किलोमीटरच्या करीवर त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. चेनमध्ये कड्या वाढवाव्या लागतील. मग बाईकवर माणूस बसवूनच चेनचा ढिलेपणा तपासा.

यानंतर वायरिंग. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. 72 व्होल्टचा 20 सेलचा पॅक पूर्ण भरला की 84 व्होल्टवर असतो, आणि 60 व्होल्टच्या पुढचा डीसी करंट धोक्याचाच. मेन फ्यूज काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नका. बॅटरीचा पॅक मात्र कधीही उघडायचा नाही.

समुद्राजवळच्या मोरजी-शिवोलीकडची बाईक आली की मी आधी फेज वायरच्या (कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या जाड तारांच्या) लग, म्हणजे टोकाचे धातूचे जोड, बघतो. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो. तिथे एक मिलिओहम जरी रेझिस्टन्स वाढला, तरी 200 अँपिअरला 40 वॅट उष्णता त्या एका जोडावर निघते. सीटखाली सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच ते. लग घासून लखलखीत करा आणि टॉर्क पान्याने आवळा. कंट्रोलरखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. सीटखाली वारा पोचेल अशी वाट करून द्या.

रीजन, म्हणजे मोटरनेच ब्रेक लावून बॅटरीत परत चार्ज भरणं, कमी ठेवा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि जास्त रीजनने ते घसरतं. शिवाय पॅक शंभर टक्के भरलेला असेल तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारा सर्किट बोर्ड) रीजन रोखतो, त्यामुळे पहिल्या लॅपला आणि पाचव्या लॅपला मागचं चाक वेगळं वागतं. मी 90 टक्क्यांवरच चार्जिंग थांबवतो.

ब्रेक ऑइलची हयगय नको. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषला की ती मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. आमच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! चतुर्थी आटोपली की ऑइल बदलायचंच. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळीला केबल टाय बांधून माणूस बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते मोजा. ट्रॅकसाठी 30 ते 35 मिलिमीटर बरं.

आरसे, साइड स्टँड, नंबरप्लेट काढा, दिव्यांवर टेप लावा, अ‍ॅक्सलचे नट आणि कॅलिपरचे बोल्ट सेफ्टी वायरने बांधा. मोटर लिक्विड-कूल्ड असेल तर ट्रॅकच्या दिवशी ग्लायकॉलवालं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. ग्लायकॉल डांबरावर सांडला तर मागून येणारा पडतो. अशी बाईक पुन्हा रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल चालवून घेत नाही.

सेशनचा हिशोब घरूनच करून जा. सरासरी 8 किलोवॅट ओढले तर 15 मिनिटांत 2 युनिट जातात, म्हणजे 4 युनिटचा पॅक निम्मा संपतो. परत आल्यावर बाईक सावलीत लावा, पॅकसमोर पंखा ठेवा आणि हाताला गार लागल्यावरच चार्जर जोडा.