स्पर्धेला व्हॉलंटियर टिकत नाहीत? आयोजकांनो, या चुका टाळा

बऱ्याच क्लबांची रड एकच असते, पहिल्या वर्षी व्हॉलंटियर म्हणून ढीगभर पोरं येतात आणि पुढच्या वर्षी फोन केला की कुणाची परीक्षा, कुणाच्या चुलतभावाचं लग्न. मग कमिटीतले काका लोक म्हणणार, आजकालच्या पोरांना मोबाइल सोडून काही नको. तसं नसतं हो. पैसे मिळणार नाहीत हे त्याला येतानाच माहीत असतं, तो जातो ते आपला रविवार वाया गेला आणि वर बोलणी पण खाल्ली म्हणून.

रिपोर्टिंग पहाटेचं, पोचायचं कसं ते ज्याचं त्याने बघायचं

पुण्यात 1983 पासून मॅरेथॉन होतेय आणि आता तर थंडीत कुठे ना कुठे 10 किलोमीटरची रन असतेच. रिपोर्टिंग साडेतीन-चारला. मेट्रो सुरू होते सहाला, रिक्षावाला त्या वेळेला तोंडाला येईल ते भाडं सांगतो, आणि तुम्ही कात्रजच्या मुलीला बालेवाडीचा पॉइंट दिलेला असतो, का तर एक्सेलमध्ये नावं त्या ओळीने होती! घराजवळचा पॉइंट द्या, नाहीतर गाडीची सोय करा. पेट्रोलचे पैसे देणं म्हणजे मानधन नाही, त्यात संकोच कसला, फक्त त्याच आठवड्यात द्या.

"जा, तिकडे उभा राहा"

ही सगळ्यात मोठी चूक. पाण्याच्या टेबलावर उभं राहायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथे उभं राहून बघावं. ग्लास अर्धाच भरायचा, टेबलं एकाला एक चिकटवून न लावता लांब पसरवायची म्हणजे सगळे पहिल्याच टेबलावर आदळत नाहीत, आधी पाणी की आधी इलेक्ट्रॉल हे पळणाऱ्याला लांबूनच ओरडून सांगायचं, आणि शेवटून येणाऱ्यांसाठी ग्लास बाजूला काढून ठेवायचे. हे कुणी सांगत नाही, मग शेवटच्या तासाला ग्लास संपतात आणि दमलेला माणूस शिव्या घालतो त्या समोरच्या पोराला, आयोजक तर फिनिश लाइनला फोटोत असतात.

कबड्डीत तर अजून वाईट. गुणलेखक म्हणून कॉलेजच्या पोराला बसवायचं आणि समोर बचावपटू सहा किंवा सात असतील तरच बोनस हे सुद्धा सांगायचं नाही, लोण चढला (समोरचा अख्खा संघ बाद झाला) की 2 गुण जादा हे त्याला कोचच्या आरडाओरड्यातून कळणार. असा पोरगा परत येईल का? आदल्या संध्याकाळी अर्धा तास बसवा, सराव सामन्याचं गुणपत्रक भरून घ्या, आणि मॅच चालू असताना त्याच्याशी फक्त पंचांनीच बोलायचं हे दोन्ही कोचना बजावून ठेवा.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणं

क्लॅरी आणि स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये लोक स्वयंसेवा का करतात हे मोजायची प्रश्नावली मांडली, त्यात सहा कारणं आहेत: मूल्यं, शिकणं, ओळखीपाळखी, करिअर, स्वतःबद्दल बरं वाटणं, आणि मनातली टोचणी कमी होणं. आपल्या मैदानावर हे सगळे नमुने भेटतात. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) पोराला दोन वर्षांत 240 तास भरायचेत, त्याला सही वेळेवर हवी. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करणाऱ्या मुलीला तांत्रिक काम शिकायचंय, तिला तुम्ही बॅनर बांधायला पाठवता. रिटायर्ड बँकवाल्या काकांना चार माणसांत बसायचंय, त्यांना एकट्याला पार्किंगच्या टोकाला नेऊन सोडता. फॉर्ममध्ये "तुम्हाला काय करायला आवडेल" ही एक ओळ टाकली की निम्मं भागतं, पण मग ती वाचायची पण असते ना.

काम त्याचं, अधिकार सेक्रेटरीचा

बर्फ संपला तर सेक्रेटरीला फोन, सेक्रेटरी पाहुण्यांबरोबर, फोन सायलेंटवर. पॉइंटवर एक जण प्रमुख नेमा, त्याच्या हातात थोडी रोकड द्या आणि नंतर पैशापैशाचा जाब विचारू नका (बिल मागा, टोमणे नकोत).

आणि दरवर्षी तोच एक हौशी माणूस नोंदणी, जेवण, मेडल सगळं ओढतो, त्याला "तुझ्याशिवाय होत नाही रे" म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका, जोडीला माणूस द्या. तो चिडका झाला की बाकीचे पण पळतात.

शाल-श्रीफळ स्टेजवर, व्हॉलंटियर खुर्च्या उचलतायत

पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत पोरांचे पोहे गार होतात. त्यांना आधी खाऊ घाला. सर्टिफिकेटवर नाव बरोबर छापा, नुसतं "सहभाग" न लिहिता काय काम केलं ते लिहा, इंटरव्ह्यूत दाखवता येतं.

स्पर्धा झाल्यावर आठवड्याभरात चहाला बोलवा आणि काय गंडलं ते त्यांनाच विचारा, पदाधिकाऱ्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं. जे आले नाहीत त्यांना फोन करा, खरं कारण तेच सांगतात. हे सगळं यादीत नावापुढे लिहून पुढच्या सेक्रेटरीकडे द्या, नाहीतर कमिटी बदलली की ती यादी जुन्या सेक्रेटरीच्या मोबाइलमध्येच राहते.