रेड डेडचे दोन भाग एकाच टेपनं कसे मापायचे

गिऱ्हाईक नवा ब्लाउज शिवायला टाकतं तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "मापाला जुना आणलाय का?" जुना टेबलावर पसरला की कळतं बाईला कुठं काचतंय, कुठं सैल हवंय आणि कुठं अजिबात हात लावायचा नाही. गेमचा दुसरा भाग पहिल्याशी ताडून बघायचा असला तरी मी हेच करते. "ग्राफिक्स भारी, मॅप मोठा" एवढ्यानं काय कळणार? भारी कापडाचा ब्लाउजही मुंढ्यात घट्ट होतोच की.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं शिलाईचं दुकान आहे. थोरला पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि त्याचा पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, टीव्हीखाली धूळ खात पडला. लग्नसराई उतरली की रात्री साडेनऊनंतर मला काम नसतं. अशा रात्रींत मी 'रेड डेड रिडेम्प्शन' या घोडे-बंदुकांच्या जुन्या अमेरिकेतल्या गेमचे दोन्ही भाग दोन-दोनदा खेळले. (लिहिताना 'खेळले' लिहितेय. बोलताना मी 'खेळलो'च म्हणतो. आमच्याकडं बायका असंच बोलतात, त्यात सुधारण्यासारखं काही नाही.) दोन्ही गेम मोठ्या माणसांचे आहेत. धाकटी झोपल्यावरच लावते.

आधी कोणता खेळायचा, इथंच लोक अडकतात. पहिला आला २०१० साली आणि त्याची गोष्ट घडते १९११ मध्ये. दुसरा आला २०१८ साली, पण त्याची गोष्ट सुरू होते १८९९ मध्ये. म्हणजे नाव दुसरा, आणि हकीकत आधीची. थोरला म्हणतो गोष्टीच्या क्रमानं खेळ. मी म्हणते, आला त्या क्रमानं खेळा. पहिल्या भागात सरकारी माणसं जॉन मार्स्टनच्या बायकोपोराला अडकवून त्याला त्याच्याच जुन्या टोळीतल्या माणसांच्या मागावर पाठवतात. बिल, हाविएर, आणि त्यांचा म्होरक्या डच. दुसऱ्या भागात तुम्ही आर्थर मॉर्गन होऊन याच माणसांबरोबर शेकोटीला बसता, छावणीतलं स्ट्यू खाता. पुढं काय होणार ते ठाऊक असताना बिलची बडबड ऐकायला जो जीव खालवर होतो, तो उलट्या क्रमानं होत नाही. आणखी एक गंमत बघा. पहिल्या भागात आर्थरचं नावही कुणी काढत नाही. काढणार कसं, तो आठ वर्षांनी जन्माला आला!

आता माप कसं घ्यायचं ते सांगते. पहिला भाग मुळात पीएस थ्री आणि एक्सबॉक्स ३६० या जुन्या यंत्रांचा, पण ऑगस्ट २०२३ मध्ये तो पीएस फोरवर आला. त्यामुळं दोन्ही एकाच यंत्रावर चालतात. दुसऱ्याला शंभर जीबीच्या वर जागा लागते, ती आधी मोकळी करा. आणि त्याच्या डिस्क दोन असतात, एक डेटाची, एक खेळायची. मी जुनी घ्यायला गेले तर विकणाऱ्यानं खेळायचीच तेवढी डबीत घालून दिली. घरी येऊन तासभर टीव्हीपुढं बसले तेव्हा कळलं. दुकान कुठलं ते सोडा, पण तुम्ही डबी तिथंच उघडून दोन्ही बघा.

दुसऱ्या भागाचा पहिला अध्याय बर्फातला आहे आणि तो रेंगाळतो. तेवढ्यावरून मत बनवायचं नाही. तो संपवा, व्हॅलेंटाइन गाव लागू द्या, मग एका रात्री दोन्ही गेम आलटून पालटून लावा आणि दोन्हींत तीच कामं करा. मिशन, म्हणजे गोष्टीतली नेमून दिलेली कामगिरी नको, साधी रोजची कामं. मी मापाच्या वहीत समोरासमोर दोन पानं केली होती.

पहिलं काम घोड्याचं. पहिल्या भागात कुठंही उभं राहून शीळ घाला, घोडा हजर. मेला तर दुसरा. दुसऱ्या भागात लांब गेलात तर शीळ ऐकूच जात नाही. चारायचं, खरारा करायचा, मान थोपटायची, मग चार पायऱ्यांनी ओळख वाढते आणि जनावर बिचकायचं कमी होतं. मेला आणि जवळ औषध नसेल तर तो कायमचा गेला. लहानपणी रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या तेवढाच माझा घोड्याशी संबंध, तरी माझी पहिली घोडी झाडावर आपटून गेली तेव्हा मी टीव्ही बंद करून आत गेले. पहिल्या भागाच्या सवयीनं झाडीतून दामटली होती. चूक माझीच. म्हणून सांगते, पहिल्यावरून दुसऱ्यावर आलात की पहिला तासभर रस्ता सोडू नका. बंदुकीचंही तसंच. पहिल्यात सगळी हत्यारं कायम अंगावर असतात. दुसऱ्यात लांब बंदुका खोगिरालाच राहतात. उतरताना काढून घ्यायची सवय लावा, नाहीतर अस्वलापुढं पिस्तूल घेऊन उभं राहाल.

लांबचा पल्ला असेल तर नकाशावर खूण करा, रस्त्याला लागा आणि हातातल्या कंट्रोलरवरचा टचपॅड दाबून धरा. कॅमेरा सिनेमासारखा फिरतो आणि एक्सचं बटण दाबून ठेवलं की घोडा आपला आपण वाट धरतो. एका हातात सुई घेऊन दोन हूक लावून होतात एवढ्यात. वाटेत दरोडेखोर आले तर मात्र सुई टोचते.

शिकारीचं थोडक्यात. पहिल्यात हरीण कसंही मारा, कातडं पिशवीत. दुसऱ्यात जनावराला एक ते तीन तारे असतात. चुकीच्या हत्यारानं मारलं की कातडं खराब, आणि सोलायचा प्रकार सगळा डोळ्यांपुढं होतो. आमच्या घरी मटण आणायला मालक जातात ते बरंच आहे.

आता कपडे. यावर मी बोलणारच. पहिल्या भागात पोशाख अखंड मिळतो. अमुक करा, तमुक करा, एकेक तुकडा जमवा, तुकडे पुरे झाले की पोशाख तयार. म्हणजे आमच्याकडं चिंध्या गोळा करून गोधडी होते तसं, फक्त इथं कोट होतो. टोपी ह्याची आणि कोट त्याचा, असं जमत नाही. दुसऱ्या भागात टोपी, सदरा, जाकीट, कोट, विजार, बूट सगळं सुटं, आणि सेंट डेनिस शहरात चक्क शिंप्याचं दुकान. फासेपारध्याकडं चांगली कातडी दिली तर तो त्यातून कपडे शिवून देतो. बर्फात पातळ कपड्यानं गेलात तर आर्थर खंगायला लागतो. चिखलात पडला तर चिखल अंगावर राहतो, लोक नाकं मुरडतात, मग हॉटेलात पाव डॉलर देऊन आंघोळ. मारामारीत टोपी उडाली तर उचलून घ्यायची आठवण तुम्हीच ठेवायची. पंचवीस वर्षं मशीन मारणाऱ्या बाईला याचं किती कौतुक वाटलं, ते थोरल्याला कळत नाही. तो म्हणतो, "आई, तू गेम खेळतीस का ट्रायल घेतीस?"

खाण्याचंही माप घ्या. पहिल्यात जॉनच्या पोटाचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यात आर्थरला कमी चारलं तर तो वाळतो, जास्त चारलं तर सुटतो, आणि दोन्हींचा ताकदीवर परिणाम होतो. तालमीच्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको.

पाण्याजवळ जाऊन बघा. पहिल्या भागात जॉन खोल पाण्यात गेला की संपला, पोहता येत नाही. आर्थर दम असेपर्यंत पोहतो. पंचगंगेच्या घाटावर पोरं डब्बे बांधून पोहायला शिकतात, आणि हा एवढा बंदूकबाज गडी गुडघाभर पाण्याच्या पुढं जाऊ शकत नाही, याचं मला आधी हसू आलं होतं.

मग एक लहानसा गुन्हा करा. खेळ सेव्ह करून. पहिल्यात नावावर इनाम लागलं की तार ऑफिसात पैसे भरा किंवा माफीचं पत्र द्या, मिटलं. दुसऱ्यात कुणीतरी बघितलेलं असतं आणि तो साक्षीदार शेरीफकडं पळत सुटतो. त्याला गाठून दम दिला तर प्रकरण तिथंच थांबतं. इथं मी सगळ्यात मोठा घोळ घातला. दुसऱ्या भागात कंट्रोलरवरचं एल टू बटण दाबलं की समोरच्याला रामराम घालता येतो. पण हातात बंदूक असेल तर तेच बटण बंदूक रोखतं. व्हॅलेंटाइनच्या भर रस्त्यात मी एका म्हाताऱ्याला नमस्कार करायला गेले आणि पाच मिनिटांत अख्खं गाव माझ्या मागं. गावात शिरण्याआधी एल वन एकदा दाबून बंदूक आत टाका, मगच सगळ्यांना नमस्कार-चमत्कार.

शेवटी पंधरा मिनिटं काहीच करू नका. पहिल्यात वाळवंटात नुसतं उभं राहिलं तर वारा आणि लांबून एखादा गोळीचा आवाज, बस्स. दुसऱ्यात छावणीत बसा. कुणी गातंय, कुणी डोमिनो खेळतंय, कुणी भांडतंय. पैशाची पेटी असते, त्यात आपला वाटा टाकायचा. भिशी लावणाऱ्या बायकांना लगेच उमगेल, कोण टाकतं आणि कोण नुसतं जेवून जातं.

ही सगळी मापं घेतली तर दुसरा भाग सगळीकडं सैल, भरपूर माया ठेवून शिवलेला वाटेल. काचतो तो मिशनमध्ये. ठरलेल्या वाटेपासून जरा बाजूला गेलात की मिशन फेल, परत मागच्या टप्प्यापासून. एवढं मोठं रान दिलं आणि कामाच्या वेळी मात्र दावं बांधलं. हा राग माझा दोनदा खेळूनही गेला नाही.

आणि एक माप दुसऱ्याकडं नाहीच. पहिल्या भागात मेक्सिको आहे, दुसऱ्यात नाही. तराफ्यावरून नदी ओलांडल्यावर जॉन घोड्यावर बसतो आणि एकदम गाणं सुरू होतं. त्या वेळी दामटू नका. रस्त्यानं सावकाश चाला आणि गाणं संपेपर्यंत खाली उतरू नका, उतरलात तर ते तुटतं. तिथपर्यंत पोचल्याशिवाय दुसऱ्याची डबी फोडू नका. आणि फोडाल तेव्हा डेटाची डिस्क आधी.