मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवताना: डॉक्टरांना काय सांगायचं, कुठले कागद मागून घ्यायचे

सांगलीत माझं शिलाईचं काम आहे, ब्लाउज आणि फॉल-पिको. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा ज्या दवाखान्यात गेले, तिथं कुणीही विचारलं नाही की बाई, तुम्ही दिवसभर करता काय. डॉक्टरांनी दोन मिनिटं डोळा बघितला. पुढचं सगळं काउन्सेलर मुलीनं केलं. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या लेन्सच्या दरांचा तक्ता पुढं ठेवून तिनं लांब-जवळ दोन्ही दाखवणाऱ्या महागाच्या मल्टिफोकल लेन्सवर बोट ठेवलं, "काकू, चष्म्याची कटकटच मिटेल." तीच बसवली. आता भर उन्हात दोरा ओवता येतो, पण काळ्या कापडावरची काळी शिलाई दिसत नाही आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. तक्रार केली तर उत्तर एकच, सवय होईल.

तेव्हा पहिली गोष्ट, तुमचं काम आपणहून सांगा, आणि ते काउन्सेलरला नाही, डॉक्टरांना. किती अंतरावरून बघता, उजेड कसा असतो, रात्री गाडी चालवता का. साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला स्पष्ट दाखवते. बहुतेकांना लांबचं नीट दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. कुणाला हवं असेल तर जवळच्या अंतरासाठीही तिचा नंबर ठरवता येतो. मल्टिफोकल डोळ्यात आलेला उजेड लांब आणि जवळ असा वाटून टाकते, म्हणून फिक्या-गडदातला फरक कमी कळतो आणि दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. बऱ्याच जणांना ती चांगली मानवते, हेही खरं. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असेल तर ती घ्यावी का, हे नीट विचारा. महाग म्हणजे तुमच्या डोळ्याला योग्य, असं अजिबात नाही.

संमतीपत्र बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी वाचायला मागा. थेंबांनंतर काही तास जवळचं वाचता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी सही करायला कागद पुढं येतो. सोबत घरचं कुणीतरी असू द्या.

त्याच दिवशी पैसे भरू नका. साधा मोतीबिंदू सहसा तातडीचा नसतो. लेन्सची कंपनी, मॉडेल, किंमत, थेंब आणि नंतरच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत की नाहीत, हे लिहून घ्या. डोळ्याच्या मापांचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना खुशाल दाखवा.

ऑपरेशननंतर लेन्सच्या खोक्यावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर मॉडेल, नंबर आणि सिरियल नंबर असतो. पुढं कुठलाही डॉक्टर आधी तेच विचारतो.

दुखणं किंवा लाली वाढली, नजर एकदम कमी झाली, तर फोनवर "थेंब चालू ठेवा" एवढं ऐकून थांबू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा. आत जंतुसंसर्ग असेल तर तासातासाला नुकसान होतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुधा लेन्समागची पिशवी गढूळ झालेली असते. यॅग लेसरनं काही मिनिटांत ती मोकळी करतात. मोतीबिंदू परत आला असं सांगून कुणी नवीन ऑपरेशन सुचवत असेल तर आधी दुसरं मत घ्या.

दवाखाना दाद देत नसेल तर लेखी अर्ज करून सगळे कागद मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात. मग दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याची सद्यस्थिती लिहून घ्या. नुसत्या नाराजीवर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, त्यामुळे हा कागद फार मोलाचा. पैशांची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत 2 वर्षांची, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी सल्ला हवा तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं जाते.

आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख पहिल्या डोळ्याबरोबरच ठरवायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. पहिल्या डोळ्यानं आपलं रोजचं काम करून बघा, तेही संध्याकाळच्या उजेडात. नाही जमलं तर दुसऱ्या डोळ्यात वेगळी लेन्स चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला तेव्हा वाव राहतो.