दाबाच्या सेन्सरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये पाठवण्याआधी

पुण्यात टेबलावर ठेवलेला दाबाचा सेन्सर 1013 हेक्टोपास्कल दाखवत असेल, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरला लिनक्सच्या गाभ्याशी (कर्नलशी) जोडणारा कोड, कुणालाही पाठवू नका. 1013 हा समुद्रसपाटीचा दाब. पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आकडा 940 ते 955च्या आसपास यायला हवा; पावसाळ्यात जरा खाली, थंडीत जरा वर. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपशी ताडू नका, तिथला दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो.

मी भोसरीत डेटा लॉगर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. नव्याने आलेल्या मुलामुलींना जे सांगते तेच इथे लिहितेय. उदाहरण बॉशच्या बीएमपी280 या दाब आणि तापमान मोजणाऱ्या चिपचं घेऊ.

पहिलं काम शोधाशोधीचं. लिनक्समध्ये असे सेन्सर कर्नलच्या आयआयओ (इंडस्ट्रियल आय/ओ) विभागात राहतात. बीएमपी180, 280, 380, 580 आणि बीएमई280 या सगळ्यांना तिथे एकच ड्रायव्हर सांभाळतो. तुमची चिप अशा एखाद्या घराण्यातली असेल तर नवी फाइल काढू नका, आहे त्यातच भर घाला. पहिल्या पॅचसाठी (पाठवायच्या बदलासाठी) मला हीच वाट सगळ्यात चांगली वाटते: बदल लहान राहतो आणि मेंटेनर, म्हणजे तो विभाग सांभाळणारा माणूस, तो नीट वाचू शकतो.

मॉड्यूल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणा की ऑनलाइन मागवा, त्यावर छापलेल्या नावावर जाऊ नका. हेक्स (सोळाच्या पायाच्या) डी0 या रजिस्टरमधून, म्हणजे चिपमधल्या कप्प्यातून, आयडी वाचा. बीएमपी280 हेक्स 58 देतो, आर्द्रताही मोजणारा बीएमई280 हेक्स 60. 58 आलं तर त्या चिपमधून आर्द्रता मिळणारच नाही, कोडमध्ये कितीही खटपट करा. चिपची एसडीओ पिन ग्राउंडला जोडली की आयटूसीवरचा (दोन तारांच्या जोडणीवरचा) पत्ता हेक्स 76, पुरवठ्याला जोडली की 77. ती अधांतरी सोडलीत तर पत्त्याचा भरवसा नाही.

आता खरं काम. चिप कच्चे आकडे देते. त्यांचं तापमान आणि दाबात रूपांतर करायला कारखान्यात भरलेले गुणांक वाचावे लागतात. त्यातले तापमानाचा टी1 आणि दाबाचा पी1 बिनचिन्हाचे, बाकीचे चिन्हासह. कर्नलमध्ये दशांशाचं गणित चालत नाही, सगळं पूर्णांकात बसवायचं. म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी डेटाशीटमधलं सोडवलेलं उदाहरण तुमच्या फंक्शनला द्या. तिथे टी1 27504 आहे, टी2 26435, टी3 उणे 1000 आणि कच्चं तापमान 519888. उत्तर 25.08 अंश आलंच पाहिजे. त्याच उदाहरणात पुढे दाब 100653 पास्कल येतो.

मग एककं बघा. आयआयओमध्ये दाब किलोपास्कलमध्ये आणि तापमान मिलिअंशांत द्यायचं असतं. म्हणजे पुण्यातला दाब 94 किंवा 95 पॉइंट काहीतरी दिसेल आणि 27 अंश 27000 असे दिसतील. इथे स्वतःच्या सोयीचं एकक चालत नाही, कारण वरचे प्रोग्राम हाच करार धरून लिहिलेले असतात.

एवढ्यावर थांबू नका. बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन इमारतीचे तीन मजले चढा. आपल्या उंचीवर साधारण 9 मीटरला 1 हेक्टोपास्कल उतरतो, तेवढा फरक दिसायला हवा. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलात तर तो आणखी ठळक दिसेल. एखाद्या गुणांकाचं चिन्ह चुकलं तर टेबलावरचा आकडा कदाचित बरा वाटेल, पण चढउतारात तो उघडा पडतो. कुठल्या बोर्डावर, कुठल्या बसवर (आयटूसीसारख्या जोडणीवर), काय मोजलं हे कमिटच्या, म्हणजे बदलासोबतच्या, मजकुरात लिहा. तुमचा सेन्सर मेंटेनरच्या हाताशी असेलच असं नाही. त्याला दिसतो तो हाच पुरावा.

पाठवताना डिव्हाइस-ट्रीचं (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या यादीचं) बाइंडिंग, म्हणजे त्यातली नोंद कशी लिहायची याचा नियम, वेगळ्या पॅचमध्ये आणि ड्रायव्हरच्या आधी ठेवा. लिहिण्याच्या शैलीतल्या चुका शोधणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारा आणि गिट सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा, अटॅचमेंट नको. पॅचमधली साइन्ड-ऑफ-बाय ही तुमच्या नावाची ओळ गांभीर्याने घ्या. हा कोड फाइलमध्ये लिहिलेल्या लायसन्सखाली देण्याचा हक्क मला आहे, असं तुम्ही त्यात जाहीर करता. कोड नोकरीच्या वेळेत लिहिला असेल तर साहेबांची लेखी परवानगी आधी घ्या.

सूचना आल्या की प्रत्येकीखाली उत्तर द्या, पटली नाही तरी. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते तीन डॅशांच्या ओळीखाली लिहा. मर्ज विंडोच्या (नव्या आवृत्तीसाठी बदल एकत्र करण्याच्या) दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर रोज आठवण करू नका, मेंटेनर तेव्हा दुसऱ्या कामात असतात.

उत्पादनात बसवताना डिव्हाइस-ट्रीमध्ये चिपचं नाव, पत्ता आणि तिचे दोन्ही वीजपुरवठे नोंदवा. आयटूसी वाचताना चूक झाली तर ती तशीच वर कळवा. मागचा आकडा पुन्हा देऊ नका. आमचे लॉगर शीतगृहांत लागतात, तिथे शिळं तापमान ताजं म्हणून दाखवलं तर माल सडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आणि पॅच स्वीकारला गेला की उत्पादनाच्या जुन्या कर्नलमध्ये तोच, जसाच्या तसा आणा. खासगी फेरफार ठेवलेत तर पुढच्या प्रत्येक अपग्रेडला ते तुम्हालाच पुन्हा बसवत बसावे लागतील.